सुमित्राबाईचा उजवा खांदा

सुमित्राबाई गहाणेला कुणी "बसा आता, आराम करा" म्हटलं की तिचं टाळकं सरकायचं. आराम म्हाताऱ्यांनी करावा, मी कायले करू, असं तिचं उत्तर ठरलेलं. वय छप्पन्न, अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी, आणि आवाज असा की तलावाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला म्हशी मान वर करायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तो गावच्या तलावाचा पाणकर होता. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवून तुडुम उघडणारा माणूस म्हणजे पाणकर. त्याच्या तेराव्याला मांडवात नव्या पाणकराची कुजबुज सुरू झाली, तेव्हा ही बाई मागच्या दारानं निघाली, तलावावर गेली, ज्याची पाळी होती त्याचं पाणी सोडलं आणि परत येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "जेवा आता. पानी चालू हाये." तेव्हापासून पाणकर तीच.

तुडुम म्हणजे काय, ते सांगायला हवं. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून आतल्या अंगानं दगडी पायऱ्या उतरतात. प्रत्येक पायरीला एक भोक, आणि भोकात चिंध्या गुंडाळलेला लाकडी खुंटा ठोकून बसवलेला. पाणी उतरेल तसा खालचा खुंटा काढायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, वाकून, भिजून फुगलेलं लाकूड उपसायचं. नवेगाव बांधच्या अल्याड-पल्याड कितीतरी तलावांना लोखंडी चाकं बसली, फिरवलं की पाणी. या गावात अजून हातच लागतो. तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधला, गावात घरं बहुतेक कोहळ्यांची, आणि पाणकराचा मान लग्नात नवरदेवाच्या मामाच्या खालोखाल.

तर अशा या बाईचा पाय डिसेंबरात, धानाची मळणी चालू असताना, त्याच पायऱ्यांवरच्या शेवाळावरून सटकला. पडता पडता तिनं उजवा हात टेकवला आणि खांद्याजवळ कट्टकन वाजलं. चिचगडकडचा नंदलाल हाडं बसवण्यात नावाजलेला. त्यानं चाचपून पाहिलं, दंडाचं हाड खांद्याखाली चिरलंय म्हणाला, बांबूच्या कामट्या लावून हात छातीशी बांधला आणि बजावलं, "एकवीस दिवस. मंग सोडा आन् थोडा थोडा हलवा. नाई हलला त सरकारी दवाखान्यात दाखवा."

आता नंदलालची यात काडीची चूक नाही. चूक सुमित्राबाईची, आणि ती चूक तलाव राखणाऱ्याच्या घरातच व्हायची. पाळ फुटली की तिथं माती भरतात, ठोकतात, आणि मग एक अख्खा हंगाम त्या जागेवर कुणाला पाय ठेवू देत नाहीत. माती बसू द्यायची असते. सासऱ्यानं नवऱ्याला शिकवलं, नवऱ्यानं हिला. फुटलेल्या खांद्यालाही हिनं तोच कायदा लावला! एकवीस दिवसांचे ऐंशी केले. सून अंजू म्हणाली, "आई, सोडून पाहू का?" तर तिच्यावर खेकसली, "माती वली हाये अजून."

ऐंशी दिवसांनी बांधणं सोडलं तेव्हा हाड जुळलेलं होतं आणि खांदा लाकूड झाला होता. हात पुढे उचलला तर पोटाच्या वर येईना. मागे नेऊन अंबाडा बांधता येईना. पोलक्याचा हूक लावता येईना. अंजू रोज सकाळी तिचे केस विंचरायची आणि सुमित्राबाई भिंतीकडे तोंड करून बसायची, कारण डोळ्यांत पाणी यायचं. ते दुःखाचं नव्हतं. स्वतःच्या अकलेचा राग यायचा.

त्यात एक दिवस केशोराव आले. केशोराव म्हणजे पाणी समितीचे अध्यक्ष, नात्यानं तिचे चुलत दीर, सत्तरी गाठलेले, धोतर पांढरंशुभ्र, कमरेला चुन्याची डबी. ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, तुमी पडल्यापासून आपला लीलाधर पानी पाहूनच राहिला हाये. त्यालेच पाहू द्या. तुमी आराम करा."

"कधीपर्यंत?"

"आता... भादव्याच्या सभेत ठरवून टाकू."

लीलाधर त्यांचा सख्खा पुतण्या. पोरगा वाईट नव्हता, पण पाणकरपण एकदा त्या घरात गेलं की परत येणार नाही, हे सुमित्राबाईला न सांगता कळलं. केशोराव वळणाआड गेले तशी ती अंजूला म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊन राहिलो आपण. मले हा हात भादव्याच्या आत पायजे."

सरकारी दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत हर्षिता बिसेन नावाची पोरगी होती. जातीनं पोवार, कुडवा गावची, आठवड्यातून दोन दिवस इकडे यायची, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची. खोलीत भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं पुरुषभर उंचीचं चित्र. सुमित्राबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कोन?"

"ये आपही हो मावशी," हर्षिता हसली. "आत सगळे असेच असतात."

मग तिनं दोन पट्ट्यांचं कोनमापक खांद्याला लावलं आणि हात उचलायला सांगितलं. चाळीस अंश. पुरा हात एकशे ऐंशी जायला हवा. सुमित्राबाई चौथी पास होती, चाळीस आणि एकशे ऐंशीतला फरक तिला कळला. तिनं विचारलं, "कोनचं हाड मोडलं हाये याच्यात?"

"हाड कुठलंच नाही. हाड मस्त जुळलंय. सांधा आखडलाय." हर्षितानं चित्रावर बोट ठेवलं. "ही बघा, गळ्याखाली आडवी ती हासळी. पाठीवरचा हा चपटा खवाटा. आणि हे दंडाचं हाड. याचं डोकं गोल आहे, ते खवाट्याच्या खोबणीत बसतं. याला उखळीचा सांधा म्हणतात. पुढे, मागे, बाजूला, गोल, सगळीकडे फिरतो. पण हलवला नाही की भोवतीची पिशवी चिकटते."

"पाळ फुटली त हलवत नाई आमी."

"ती पाळ आहे, मावशी. हा सांधा आहे. यह तो चलने से ही ठीक रहता है."

गावात सुमित्राबाईला गप्प करणारं माणूस औषधालाही सापडलं नसतं, आणि इथं पंचविशीची पोरगी एका वाक्यात करून गेली. तिनं हर्षिताकडे पाहून एवढंच म्हटलं, "सांग काय करू."

आणि मग जे सुरू झालं त्यानं घर हैराण झालं. सकाळी ओणवी होऊन, हातात पाण्याचा लोटा धरून, हात मोकळा सोडून झुलवायचा. मग भिंतीला तोंड करून बोटांनी भिंत चढायची, जिथं बोटं थांबतील तिथं कोळशाची रेघ. मग पाठीमागं काठी धरून डाव्या हातानं उजवा ओढायचा. या शेवटच्या प्रकाराला ती अशा शिव्या घालायची की अंजू रेडिओ मोठा करायची. दुखण्यानं जीव अर्धा व्हायचा. तरी दुसऱ्या दिवशी कालच्या रेघेच्या वर रेघ नाही गेली तर ती जेवायला बसायची नाही.

एकदा रेघ चक्क चार बोटं वर गेली. तिनं दवाखान्यात जाऊन तोरा मिरवला आणि हर्षितासमोर हात वर करून दाखवला. हर्षितानं मान हलवली. "चोरी."

"काय?"

"चोरी केली, मावशी. हात नाही वर गेला, कंबर मागे वाकली आणि खांदा कानाकडे उचलला. लांबून वाटतं हात गेला. असं करायचं नाही. जेवढा जातो तेवढा, पण खरा." तिनं तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि पुन्हा मोजलं. पंच्याण्णव.

चोर म्हणवून घ्यायची सुमित्राबाईला सवय नव्हती. परतीच्या बसमध्ये ती पूर्ण वाट फणफणत होती. घरी आल्यावर मात्र तिनं भिंतीवरची ती चार बोटं वर गेलेली रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

हळूहळू तिला त्या सांगाड्याची गोडीच लागली. दर खेपेला एकेक हाड विचारून यायची आणि पाण्याच्या नळावर बायांना शिकवायची. कोपर बिजागरीचा, दारासारखा एकाच बाजूला उघडतो. कोपराच्या खाली दोन हाडं, तळहात पालथा केला की एक दुसऱ्यावर आडवं पडते. मनगटात आठ बारकी हाडं, चिंचोक्यांवानी. बरगड्या चोवीस, गड्याले पण आन् बाईले पण. या शेवटच्यावर मोठा वाद झाला. बाईला एक जास्त असते असं निर्मलाबाईचं ठाम मत होतं. निर्मलाबाई शेजारची, तिच्यासारखीच विधवा, तिच्यासारखीच तोंडाळ. वाद मिटेना, तेव्हा दोघींनी नळावरच एकमेकींच्या बरगड्या मोजल्या. गुदगुल्यांनी मोजणी तीनदा चुकली, आणि बघ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. गावानं तिला हाडांची मास्तरीण असं नाव ठेवलं. ठेवू दे. तिला काय त्याचं!

ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा कोनमापकानं एकशे पंचवीस दाखवले. पुढच्या खेपेला पुन्हा एकशे पंचवीस. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेवढेच. हर्षितानं स्टूल ओढलं आणि समोर बसली. "मावशी, खोटं नाही बोलणार. यापुढे फारसं वाढेल असं मला वाटत नाही. ऐंशी दिवस बांधून ठेवल्याची ती किंमत आहे."

सुमित्राबाईचा चेहरा उतरला. "मंग गेलं माझं पाणकरपण. केशोभाऊजी उभ्या सभेत मले हात वर कर म्हनतीन."

"पाणी सोडायला करावं काय लागतं? करून दाखवा बरं."

हे कुणी तिला आजवर विचारलंच नव्हतं. सुमित्राबाई उठली. तिनं खोलीतल्या लोखंडी खाटेचा पाय हा तुडुमाचा खुंटा मानला आणि लागली करून दाखवायला. हर्षिता तिच्याभोवती फिरत, कोनमापक लावत, नावं घेत गेली. वाकताना खुबा वाकतो, कण्याचे मणके सरळच राहतात. गुडघा थोडा दुमडतो, घोटा पायरीवर घट्ट. कोपर काटकोनात. खुंटा पिळताना कोपराखालची दोन हाडं फिरतात, मनगट नुसतं धरून ठेवतं. मग ओढ लागते ती खुब्यातून आणि पाठीतून, खवाटे मागे येतात. आणि खांदा? हर्षितानं तिथं पट्ट्या लावल्या आणि ती हसायलाच लागली.

"साठ. मावशी, साठच लागतात! तुमच्याकडे दुप्पट आहेत."

भादव्यात पावसानं दडी मारली. धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या, आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. सभा पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली भरली, तुडुमापासून वीस पावलांवर. तलावाखाली ज्यांची जमीन ते तेवीस खातेदार जमले. त्यांत तीन बाया. दर खात्याला एक हात, ही जुनी रीत. सुमित्राबाईची दीड एकर तिच्या नावावर होती, म्हणून तिलाही एक हात होता.

केशोरावांनी घसा खाकरला. "पानी आजच सोडावं लागते. पाणकर कोन ते आधी ठरवू. वहिनीनं लय केलं गावासाठी, कोनी नाई म्हनत नाई. पन शरीर हाये. वहिनी, सगळ्यासमोर हात वर करून दाखवा. सरळ, आभाळाकडे."

सुमित्राबाई उठली. मोहाच्या खोडाला पाठ टेकवली आणि उजवा हात उचलला. हात कपाळाच्या वर गेला आणि थांबला. कंबर मागे टाकली असती तर वीतभर अजून गेला असता, आणि सभेतल्या एकालाही कळलं नसतं. तिनं टाकली नाही.

"झालं?" केशोराव म्हणाले. "आता तुमीच सांगा, लोकहो."

"थांबा," ती म्हणाली. "आता तुमी करा."

"मी काऊन करू?"

"तुमी अध्यक्ष आहात. माझं मोजलं, तुमचंबी मोजू. या इकडे."

लोक हसायला लागले, आणि हसणाऱ्या लोकांपुढे नाही म्हणायची केशोरावांची हिंमत झाली नाही. त्यांनी जागेवरूनच झटक्यात हात आभाळात घातला. सुमित्राबाईचा आवाज कडाडला, "चोरी! कंबर वाकली, भाऊजी. अशानं काय होते? खोडाले पाठ लावा." त्यांनी पाठ लावली. कंबर टेकली, खवाटे टेकले, आणि सत्तर वर्षांचा तो हात डोळ्यांसमोर येऊन अडला. सुमित्राबाईनं त्यांच्याच डबीतला चुना बोटावर घेतला आणि खोडावर त्यांच्या मनगटाच्या उंचीला ठिपका लावला. मग स्वतः तिथं उभी राहिली आणि निर्मलाबाईला स्वतःचा ठिपका लावायला सांगितला. ती केशोरावांपेक्षा वीतभर बुटकी, तरी तिचा ठिपका वर होता. पाठीमागं कुणीतरी शिट्टी मारली.

"मले एक सांगा," ती सगळ्यांकडे वळली. "या तलावानं आजपर्यंत कोन्या पाणकराले हात आभाळात घालाले लावला? हात पान्यात घालावा लागते. खाली! आन् खाली माझा हात कोनापेक्षा कमी नाई. लीलाधर, चल बाबू. तिसरा खुंटा. आधी तू."

लीलाधर पाण्यात उतरला. तो गडी दांडगा. पाय ताठ, हात ताठ, सगळी ओढ एकट्या दंडाची. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पण खुंटा जागचा हलेना. महिनाभर भिजून लाकूड भोकात गच्च बसलं होतं. चार हिसके दिले आणि तो खांदा चोळत बाजूला झाला.

सुमित्राबाईनं नऊवारीचा ओचा खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पायरीवर घोटे रोवले. खुब्यातून वाकली, पाठ फळीसारखी सरळ. कोपर दुमडून खुंटा धरला. ओढला नाही. आधी तळहात पालथा, मग उताणा, मग पुन्हा पालथा, लाकूड पिळत राहिली. पाण्यातून बुडबुडा आला. मग श्वास धरला, दोन्ही खवाटे मागे घेतले आणि सगळं अंग एकदम उभं केलं. खुंटा हातात आला. पाळीपलीकडे पाटात धो धो पाणी पडायला लागलं आणि बाया ओरडल्या, "अवं माय, सुटलं!"

इथं सगळं संपायला हवं होतं. पण गावच्या सभा अशा संपत असत्या तर काय पाहिजे होतं! केशोरावांच्या घरचे आणि सोयऱ्यांचे मिळून अकरा हात होते, आणि ते घट्ट होते. अध्यक्षांनी वही उघडली. "रीत म्हंजे रीत. मत होईन. लीलाधरसाठी हात वर करा." अकरा हात वर झाले. त्यांत लीलाधरचा हात अर्धाच वर होता, तरी केशोरावांनी तो मोजला. "सुमित्रावहिनीसाठी." निर्मलाबाईचा हात सगळ्यांत आधी गेला, मग एकेक करत बाकीचे. केशोरावांनी बोट फिरवत मोजलं. "अकरा. बरोबरी. म्हंजे अध्यक्षाचं मत जास्तीचं, आन् ते—"

"बारा," सुमित्राबाई म्हणाली.

ती अजून पाण्यात उभी होती. डाव्या हातात खुंटा, उजवा हात वर. कपाळाच्या वर, जिथं थांबतो तिथं थांबलेला. कंबर सरळ.

"वहिनी, तो हात वर कुठं हाये? मधातच हाये."

"माझा वर इथंच हाये, भाऊजी. याच्या वर जात नाई. पन तुमी मोजेपर्यंत खालीबी येनार नाई."

तिचा दंड थरथरायला लागला, हे सगळ्यांना दिसत होतं. ज्यांना दिसलं नाही त्यांच्यासाठी निर्मलाबाई मोठ्यानं म्हणाली, "दुखून राहिलं तिले, मोजा ना बाप्पा!" केशोराव वहीत पाहत राहिले. तेव्हा तिच्या शेजारच्या पायरीवर ओलाचिंब उभा असलेला लीलाधर, ज्याचं सगळं यात जाणार होतं तोच, चुलत्याकडे न पाहता म्हणाला, "काका, माझा अर्धा हात मोजला ना तुमी? मंग हा पुरा हाये. बारा लिहा."

केशोरावांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं, आणि लिहिलं.

"वाचून दाखवा," सुमित्राबाई म्हणाली. हात अजून तिथंच होता.

"बारा," ते म्हणाले.

तेव्हा तिनं हात खाली घेतला, डाव्या हातातला खुंटा लीलाधरकडे दिला आणि म्हणाली, "हे धर. आन् उद्यापासून सकाळी येत जा. पिळाचं कसं ते शिकवतो तुले, नाईतर त्या खांद्याचं वाटोळं करून घेशील."